अख्ख्या पाड्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाल खुर्ची आहे. प्लास्टिकची. पाय तीन. चौथा कसा गेला ते सांगते. हसू आलं तर जरा दाबून हसा, कारण त्या पायावर एका पोरीचं अख्खं वर्ष टेकलेलं होतं.

माझा जन्म साच्यातला. गरम प्लास्टिक ओतलं, दाबलं, टपकन बाहेर. माझ्यासारख्या ढीगभर बहिणी एकीवर एक रचून मुरबाडच्या एका मंडपवाल्याकडं आल्या. लग्नं, बारशी, पुढाऱ्यांची भाषणं, सगळ्यांचा भार आम्ही न बोलता सोसला. पुढारी काही फार जड नसतात, पण एकदा बसले की उठत नाहीत.

एकदा डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर लग्न होतं. बेंजो सुरू झाला आणि नवरदेवाचा मामा माझ्यावर चढून नाचायला लागला. कडाक्! मागचा पाय चिरला. मंडपवाल्यानं मला शिवी घातली आणि टेम्पोत चढवलंच नाही. मग तिथल्या जैतूनं सळई तापवून चिरेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडली, तारेचे टाके घातले, आणि पाड्याला खुर्ची मिळाली.

अख्ख्या पाड्याला हं. तिथं दुसरी खुर्चीच नव्हती. मग रीत पडली: पाहुणा ज्याच्या घरी, खुर्ची त्याच्या घरी. लस टोचायला बाई आल्या, पळा. सोयरीक बघायला माणसं आली, पळा. म्हणजे पळायचा जैतू, मी त्याच्या डोक्यावर उलटी. असला मान राजाच्या सिंहासनालाही नसेल. ते बिचारं एकाच घरात कुजतं.

मग यंदा आषाढात ओढा फुटला. डोंगरानं पाड्याखालच्या भातखाचरांत दगडगोटे आणून ओतले. जैतूची आई गंगी. तिच्या घराची तर मागची कुडाची भिंतही गेली, शेळ्याही गेल्या. तांदळाची गोण तिनं माझ्यावर उंच ठेवली होती. गोण गेली आणि मी तरंगत जाऊन करवंदीच्या जाळीत अडकले. पाण्यालासुद्धा प्लास्टिक नको असतं.

खाचरं गेली म्हणजे वर्षाचं पोट गेलं. आता दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं, एवढंच हातात उरलं. जैतूची मुलगी रविना दहावीला. घर भट्टीवर गेलं की तीही जाणार.

"परीक्षा काय भट्टीवर देशील गो?" गंगी चेष्टेत म्हणायची आणि तोंड फिरवायची.

एकच आशा होती. एका संस्थेचा प्रज्वल नावाचा तरुण साहेब टॅब घेऊन येणार होता. आपत्तीनं कुठल्या घराची मिळकत किती घटली, कोण गरिबीत ढकललं गेलं, याचा अंदाज काढायला. यादीत नाव आलं की शेतातले दगड काढून मिळणार आणि पुढच्या पिकापर्यंत धान्य. आता माणूस आपली कमाई नीट सांगत नाही, असं शहरात कुणीतरी ठरवलंय. म्हणून टॅब घरातल्या वस्तू विचारतो आणि त्यावरून घर किती खाली आलं ते आपलं आपण ठरवतो.

पाड्यावर एकच गडबड. साहेब घरोघर जाणार? मग खुर्चीही घरोघर पाहिजे! प्रज्वल पुढच्या वाटेनं, जैतू मागच्या वाटेनं. प्रज्वल चपला काढेपर्यंत मी आत हजर.

"काका, घरात खुर्ची आहे?" देवरामच्या घरी त्यानं विचारलं.

"बसलास कशावर मंग?" देवराम हसला.

प्रज्वलनं टॅबवर बोट लावलं, माझा फोटो काढला. "चहात दूध घालता?"

"पिऊन बघ ना. दुधाचाच हाय."

एरवी देवराम कोराच प्यायचा. दुधाची एकच वाटी माझ्या मागोमाग घरोघर फिरत होती. पण खोटं कुणी बोललं नाही, मित्रांनो. पाहुण्याला भुईवर बसवून कोरा चहा द्यायचा, हे मात्र कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. आणि मी? मी फुगले होते. एका दिवसात इतके फोटो नवरीचेही निघत नाहीत.

गंगीच्या अलीकडं धोंडीचं घर. तिथं प्रज्वलनं माझ्यावर बसल्या बसल्याच फोन लावला.

"सर, हा पाडा सावरलेला दिसतोय. घरोघर खुर्ची आहे. हो, सगळ्यांकडं लालच. एकदम घेतल्या असतील. चहाही दुधाचा. नाही, टॅब कुणालाच यादीत घेत नाहीये."

जैतू कुडाआड मला न्यायला उभा होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं. प्रज्वल निरोप घ्यायला उठला, तशी त्यानं सवयीनं मला उचललं आणि धूम ठोकली.

"आये, खुर्ची नाय द्यायची!" तो दारातून ओरडला.

"का रे? डोक्यावर पडलास का?" गंगी म्हणाली.

"खुर्ची बघून तो लिवतो का आमी बरे हाव! रविनाची शाळा जाईल, आये!"

"आन् त्याला बसवू कुठं? तुझ्या टाळक्यावर?"

"भुईवर बसंल!"

"माझ्या घरात पाहुणा भुईवर नाय बसला कधी. भिंत गेली माझी, लाज नाय गेली."

"आजे, बाबा बरोबर सांगतो," रविना कळवळून म्हणाली.

"तू गप गो!"

जैतूनं माझी पाठ धरली, गंगीनं पाय. नेमका तोच पाय! तो तिकडं ओढतोय, ती इकडं. टाके करकरायला लागले. बाहेर प्रज्वलच्या चपला वाजल्या. जैतूचे डोळे भरले होते, पण पाहुण्यासमोर आईशी झोंबायचं कसं? त्यानं हात सोडले. गेलेल्या भिंतीच्या जागी जुनी लुगडी शिवून बांधली होती, त्यांना लागून गंगीनं मला मांडलं.

"बस रे बाबा. दमलास."

प्रज्वल बसला. रविनानं चहा त्याच्या हातात दिला आणि दाराची चौकट घट्ट धरली.

"आजी," त्यानं टॅब उघडला आणि ऐसपैस मागं रेलला. "घरात खु..."

तार तुटली. पाय एकीकडं, मी दुसरीकडं. साहेब, टॅब आणि दुधाचा चहा लुगड्यांची भिंत फाडून थेट बाहेर!

"आई गं! हे काय आहे इथं?"

"शेत," गंगी तोंडाला पदर लावून म्हणाली. ती लाजेनं अर्धी झाली होती.

"कुठंय शेत?"

"तुझ्याखाली."

प्रज्वल दगडांवर पडल्या पडल्या बघत राहिला. ओढ्यापर्यंत दगडच दगड. पुढच्या वाटेनं हे काहीच दिसलं नव्हतं. जैतू धावला, पण सवय वाईट: आधी त्यानं मला उचललं, मग साहेबाला. साहेबाची नजर माझ्या तारेच्या टाक्यांवर पडली. त्यानं टॅब पुसला, फोटो मागं सरकवले. देवरामच्या घरी तेच टाके. धोंडीच्या घरी तेच टाके.

"अहो, ही एकच खुर्ची?"

"मंग? पाड्याला दुसरी हाय कुठं? मीच तं डोक्यावरनं आणली!"

"आणि दूध?"

"ते पण पाड्यात उरल्याल्या येकाच शेळीचं, सर," रविना म्हणाली.

प्रज्वलनं तिथूनच सरांना फोन लावला. सर पहिल्यांदा म्हणाले, "एकच आहे? मग बाकीच्या कुठं गेल्या?" मग म्हणाले, पाठवलेली माहिती काही बदलता येत नाही. फार तर 'वस्तू मोडली' असा प्रत्येक घराचा नवा फोटो जोडता येईल.

प्रज्वलनं माझ्याकडं बघितलं. जैतूनंही. आणि मोडलेली मी परत जैतूच्या डोक्यावर, सगळ्या पाड्याच्या फेरीला निघाले. या वेळी प्रज्वल मागच्या वाटेनं, दगडांवरून आला आणि घरोघर भुईवर बसून कोरा चहा प्याला.

पुढं अहवालात छापून आलं म्हणे: 'पाड्यातल्या प्रत्येक घरातली खुर्ची आपत्तीत मोडली.' अंदाज हा असा असतो, मित्रांनो.

पण यादी? यादीचा पत्ता नाही. दिवाळी झाली. भट्टीचा मुकादम टेम्पो घेऊन न्यायला येतोय, असा निरोप आला. गंगीनं भांडी बांधली. रविनानं पुस्तकं गोणीत भरली आणि गोणीवरच बसून राहिली.

खालून घरघर ऐकू आली. टेम्पो वळणावर आला आणि थांबला. त्याच्या मागं पिवळा जेसीबी भोंगा वाजवत उभा, आणि जेसीबीच्या पायरीवर लटकलेला प्रज्वल हातातला कागद हलवत ओरडत होता, "सगळ्यांची नावं आली! सगळ्यांची!"

वाट अरुंद. कुणीतरी बाजूला व्हायला हवं होतं. मुकादम पुष्कळ बडबडला. शेवटी पाड्यातल्या बाप्यांनी मिळून त्याचा टेम्पो उचलून गवतात ठेवला. रविनानं गोण उलटी केली आणि त्या पसाऱ्यातच गणिताचं पुस्तक शोधायला लागली.

मी आता गंगीच्या ओसरीला टेकून असते. माझं एकच सांगणं, मित्रांनो. कुणाच्या घराची परिस्थिती बघायला गेलात, तर त्यांनी पुढं केलेल्या खुर्चीवर बसून अंदाज बांधू नका. मागच्या दारानं बाहेर डोकवा. आणि बसायचंच झालं तर भुईवर बसा. भुई कुणी उसनी आणलेली नसते.