विसण

निधीच्या सासूबाईंना गिझरचं बटण खाली आलेलं खपत नव्हतं आणि निधीला ते वर गेलेलं खपत नव्हतं. जूचंद्रच्या त्या घरात दिवाळीपासून हाच खेळ चालला होता. कामाला निघायच्या आधी निधी बटण पन्नासावर आणून ठेवी. संध्याकाळी वसईहून रिक्षात हाडं खिळखिळी करून घेत ती परत येई, तेव्हा बटण पुन्हा टोकाला गेलेलं असे. विचारलं की रंभाबाई भांडी घासता घासता म्हणत, "मी कशाला हात लावू?" आता घरात दुसरं होतं कोण? नवरा अल्पेश कंपनीच्या कामाने सदा गुजरातेत आणि सासऱ्यांना चष्म्याशिवाय गिझरच दिसत नसे.

भांडण बटणाचं नव्हतंच, सासऱ्यांच्या पायांचं होतं. शत्रुघ्नना जुना मधुमेह. उभा जन्म चिखलात भात लावलेल्या या माणसाला आता चप्पल पायात आहे की वाटेत निसटली, तेही कळत नव्हतं. दिवाळीत त्यांनी उजव्या पायावर कढत पाणी ओतून घेतलं आणि कातडी सोलून निघाली तरी "पानी कोमट हाय" म्हणत बसले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पुन्हा भाजलं तर पाय वाचेल याची खात्री नाही. गिझर पन्नासाच्या वर न्यायचा नाही. बादलीत आधी थंड घ्यायचं, मग गरम. आणि पाणी त्यांच्या पायाने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी कोपराने बघायचं.

कोपराचं रंभाबाईंनी ऐकलं. 'आधी थंड' म्हटलं की मात्र त्या अडून बसत. "आमच्यात तसा नाय करत," एवढंच. का ते सांगायच्या नाहीत. आधी कढत पाणी काढायचं आणि मग तांब्याने थंड पाण्याचं विसण घालायचं, हे त्यांच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. निधी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये शॉवरखाली वाढलेली. तिला हा निव्वळ हट्ट वाटे. रात्री जेवणं आटोपली की ती खाली बसून सासऱ्यांच्या पायाची पट्टी बदले. जखम भरता भरत नव्हती. तिला सासूचा राग येई आणि हल्ली त्या रागाचाही कंटाळा येई.

शेवटी तिने मेकॅनिक बोलावला. त्याने पन्नासावर ठेवून बाहेरचं बटणच काढून टाकलं आणि झाकण स्क्रूने आवळलं. त्या रात्री निधी गाढ झोपली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं, आणि तिथेच ती फसली.

कारण रंभाबाई पन्नासाच्या पाण्यातही नेहमीच्या मापाने विसण घालू लागल्या. पाणी गारढोण. सासरे कुडकुडत बाहेर येत आणि दिवसभर कुरकुरत. विसण कमी घालावं, इतकी साधी गोष्ट. पण त्यांच्या हाताचं माप हलेना. त्यांनी आपल्या परीने तोड काढली.

रविवारी सकाळी निधी डोळे चोळत मोरीकडे आली आणि जागीच थबकली. बादलीतून वाफा निघत होत्या. शेजारी गॅसवरून आणलेला मोठा टोप रिकामा पडला होता. रंभाबाई पाठमोऱ्या होत्या; दुसऱ्या बादलीत गिझरचा नळ सोडत होत्या. त्यांच्या लेखी गिझरचं पाणी आता विसण झालं होतं! आणि स्टुलावर बसलेल्या सासऱ्यांनी तेवढाही धीर न धरता उकळत्या पाण्याचा तांब्या भरून पायाकडे नेला होता.

निधीने झेप घेऊन तो हिसकावला. थोडं पाणी तिच्या मनगटावर आलं, बाकीचं भिंतीवर उडालं.

"आई, पाय कापावा लागेल त्यांचा!" ती किंचाळली. "मी किती वेळा सांगू? एक आधी थंड घ्यायला तुमचं काय जातं?"

रंभाबाई भिंतीला टेकल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थंडावर गरम मढ्याला घालतात गो," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाला घातला, सासऱ्याला घातला. ह्यो जिता मानूस माझ्यासमोर बसलाय. त्याला माझ्या हातान तसा पानी घालू?"

निधीने मनगट नळाखाली धरलं. ते चुरचुरत होतं. इतके महिने ही बाई हट्टाला नव्हे, भीतीला पेटली होती, आणि आपण एकदाही नीट बसून विचारलं नाही, याची तिला लाज वाटली.

सासरे सुनेच्या लाल मनगटाकडे बघत होते.

"अगो," ते बायकोला म्हणाले, "वरचा मी जिता हाय. मला तुझ्या रीतीन घाल. पाय कवाचेच मेलेत. त्याना मेल्याचाच पानी घाल."

"तोंड जळो तुमचा!" रंभाबाई ओरडल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. बराच वेळ रडल्या. कुणी त्यांची समजूत काढायला गेलं नाही. कुणात तेवढी ताकदच उरली नव्हती.

मग त्यांनी कोपऱ्यातलं घमेलं ओढलं. त्यात आधी थंड पाणी घेतलं. त्यावर गिझरचं पाणी सोडलं, तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. कोपर बुडवून बघितलं. नवऱ्याचा न भाजलेला डावा पाय उचलून त्या पाण्यात ठेवला आणि टाचेवरून हात फिरवत विचारलं, "कसा हाय पानी?"

त्या पायाला काही कळत नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

"बरा हाय," शत्रुघ्न म्हणाले. "चांगला ऊन ऊन लागतंय."