एझिकेल फिटरचा दगड

मित्रांनो, एकोणीसशे नव्वद साली मला समारंभपूर्वक माझ्या मूळ जागी परत बसवण्यात आलं. फोटोही निघाला. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण तसं काही घडलेलं नाही. फोटो मात्र निघाला.

मी एक जुना दगड आहे, थडग्याचा. पारसिकच्या डोंगरातून मला काढलं. माझे बरेचसे भाऊ पायऱ्यांत गेले, काही पाटे-वरवंटे झाले. मला एका माणसाच्या उशाशी उभं राहायची नोकरी लागली. पाथरवटानं माझ्यावर आधी इब्री, म्हणजे हिब्रू, अक्षरं कोरली. ती लिपी त्याला येत नव्हती, म्हणून चित्र काढावं तशी काढली. खाली मराठीत लिहिलं, 'एझिकेल दाविद थळकर, फिटर, कल्याण लोको.' एझिकेल बेने इस्रायल होता, म्हणजे आपल्या कोकणातला मराठी बोलणारा यहुदी. खाडीच्या अंगाला या लोकांचं लहानसं कब्रस्तान होतं. तिथं आम्ही दोघं राहू लागलो. तो आडवा, मी उभा.

त्याची धाकटी बहीण दीना दर वर्षी यायची. हे लोक थडग्यावर फुलं वाहत नाहीत, येऊन गेल्याची खूण म्हणून एक खडा ठेवतात. दीना खडा ठेवायची, पदरानं माझं तोंड पुसायची आणि सासरच्या तक्रारी भावाला सांगून हलकी होऊन जायची. तो मध्ये बोलायचा नाही. तिला तेच आवडत असावं.

मग एकेक कुटुंब इस्रायलला निघालं. जाताना लोकांनी भांडी नेली, गाद्या नेल्या, लोणच्याच्या बरण्यासुद्धा नेल्या. थडगी कोणी नेली नाहीत. दीना ठाण्याला राहायला गेली, पुढे तिचे गुडघे गेले, आणि येणं थांबलं. गवत माझ्या नावापर्यंत आलं, मग नावाच्याही वर गेलं. एका पावसाळ्यात मी पडलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं. एझिकेल जवळ आला.

हे सुख टिकलं नाही. एका होळीला नामा नावाचा कोळी, पायावर नीट उभं राहता येत नसताना, माझ्यावर ठेचकाळला. त्यानं मला शिव्या दिल्या, मग दोन दोस्त बोलावून हातगाडीवर घातलं आणि बायकोला, चंद्रभागेला, भेट म्हणून नेऊन दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही आणलं आणि तेही दगड, असं ती आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. पण मी सपाट होतो. तिनं मला दाराशी आडवं टाकलं आणि माझ्यावर कपडे धुवायला सुरुवात केली.

मित्रांनो, माझं जे काही कौतुक झालं ते तिथंच. चंद्रीच्या दगडावर मळ थांबत नाही, असं आळीतल्या बायका म्हणायच्या. तो अक्षरांच्या खाचांचा गुण होता. चंद्रभागेला वाचता येत नव्हतं, तिला ती नक्षी वाटायची. कपडे दोरीवर गेले, दार लोटलं गेलं, की मला एझिकेल आठवायचा. त्याच्या उशाशी आता कोणीच नव्हतं, आणि माझ्या पायथ्याशी साबणाचं पाणी.

एकोणनव्वद साली दीनाच्या मुलानं तिला कायमचं इस्रायलला बोलावलं. भावाची जागा सापडल्याशिवाय मी विमानात बसणार नाही, असं तिनं कळवलं. त्याच सुमारास ठाण्याच्या शालोम मास्तरांनी, शाळेतून निवृत्त झाल्यावर, हे हरवलेलं कब्रस्तान साफ करून गावासाठी स्मारक करायचं मनावर घेतलं होतं. मित्रमंडळाची पोरं कोयते घेऊन आली. गवतातून बाकीचे दगड निघाले. मी निघालो नाही. उन्हानं दमून दीना आणि मास्तर पाणी मागायला चंद्रभागेच्या दारात आले, तेव्हा माझ्यावर नामाचा लेंगा होता.

दीनानं लेंगा बाजूला केला, गुडघे धरत कशीबशी खाली बसली आणि पदरानं माझं तोंड पुसलं. चंद्रभागेला कुठं बघावं कळेना.

"कुठून उचललात हा?" दीनानं आतून बाहेर आलेल्या नामाला विचारलं.

नामानं अख्ख्या माळावरून हात फिरवला. "तिकडनं."

"तिकडून म्हणजे नेमकं कुठून?"

"त्या दिवशी होळी होती, बाय."

दीना रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मग मी त्याचा निरोप घ्यायला कुठं उभी राहू?"

चंद्रभागेनं हात पदराला पुसले, दीनाचा हात धरला आणि तिला माळावर नेऊन एका जागी उभं केलं. "हितंच होता, बाय. मी रोज बघायचे." नामानं तोंड उघडलं. बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं तंबाखू मळायला घेतली.

मित्रांनो, ती जागा चुकीची होती. मी सांगितलं असतं, पण दगडानं बोलायचा प्रघात नाही. आत्ता बोलतोय तो अपवाद समजा.

मला तिथं उभं केलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ जण दहाव्याची वाट बघत ताटकळले आणि दहावा आल्यावर त्यालाच ओरडले. मग गोड पोह्यांचा मलिदा वाटला, त्यातला दोनदा चंद्रभागेला मिळाला. सगळे पांगल्यावर दीना माझ्यापाशी आली. "येते हं, दादा," ती जमिनीला म्हणाली. जमिनीत कोणी नव्हतं. मी होतो, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. ती हसऱ्या तोंडानं गेली. पुन्हा आली नाही.

माझ्याखाली पालिकेची जलवाहिनी आहे. संध्याकाळी पाणी सुटलं की खालून गुरगुर येते, आणि भेट द्यायला आलेली मंडळी गंभीर होऊन माना खाली घालतात. पुढे कुंपणभिंत झाली तेव्हा एझिकेल भिंतीबाहेर राहिला. त्याच्यावर आता रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज आहे. फिटर माणूस, पान्यांचा आवाज कानावर पडत असेल, एवढंच मी स्वतःला सांगतो. चंद्रभागा अधूनमधून येते, माझ्याभोवती झाडते आणि मान वर न करता निघून जाते.

म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू उचलून नेण्याआधी ती कोणाची हे विचाराच. नाहीच विचारलंत, तर निदान कुठून उचलली ते तरी ध्यानात ठेवा.

सबब, संबंधित खात्यास सविनय अर्ज करण्यात येतो की, सदर दगडाची बदली मूळ ठिकाणी, भिंतीपलीकडे, गॅरेजमध्ये, करण्यात यावी. प्रशासकीय अडचणींमुळे बदली शक्य नसल्यास, कै. एझिकेल दाविद थळकर, फिटर, यांना समक्ष भेटून तसे कळवण्यात यावे, म्हणजे ते वाट पाहणार नाहीत.