समितीपुढे टक्कल

यादी मंगळवारी सकाळी दहाला लागली. वैद्यकीय, सरकारी विद्यापीठ, काळ्या आणि मिश्रवर्णी विद्यार्थ्यांच्या राखीव जागा: काउआन तेशेइरा, सातवा. तिसऱ्या प्रयत्नात जागा मिळाली होती. आर्लिंदोने गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवली आणि दुकानाच्या दारात येऊन ओरडला, "पोरगा डॉक्टर झाला!"

मिनास राज्यातल्या त्या गावात विद्यापीठात नाव लागलेल्या मुलाचं डोकं भादरायची पद्धत होती, आणि बावीस वर्षं ते काम आर्लिंदोकडेच येत होतं. वकिलांची मुलं, डॉक्टरांची मुलं, एकदा महापौरांचा पुतण्या. बाप हसत उभे राहायचे, फोटो काढायचे आणि आर्लिंदो मशीन चालवायचा.

"आज खुर्चीत कोण बसणार, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला.

काउआन कानांवरून हात फिरवत राहिला. रंगाने तो आईवर, नेइदेवर गेला होता. तिचे आजोबा इटलीहून आलेले, उन्हात ती लाल व्हायची, तो तांबूस. केस मात्र काळ्या बापाचे होते, दाट आणि बारीक कुरळे, कंगवा अडकेल असे.

"बाबा, सोमवारी वर्ण तपासणाऱ्या समितीपुढे जायचंय. त्यानंतर करू."

"समिती काय केस मोजणार आहे?"

"बघतात म्हणे."

"बघू देत की. माझा पोरगा आहेस हे काय लपणार आहे?"

पलीकडच्या बेकरीतला जेंतिल दारात येऊन टेकला. "उस्ताद, इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं भादरलीस. स्वतःच्या पोरावर हात थरथरेल हं!"

"थरथरू दे. कान कापला तर टाके तोच घालेल."

सगळे हसले. काउआनही हसला आणि खुर्चीत बसला. आर्लिंदोने झिरोची मशीन कपाळापासून मागे नेली. नेइदेने फोटो काढले. कुणीतरी त्याच्या टकलावर लाल रंगाने 'वैद्यकीय' असं लिहिलं.

सोमवारी बापलेक पहाटेच्या बसने निघाले. समितीच्या खोलीत पाच जण आणि एक कॅमेरा होता. काउआनने नाव सांगितलं, 'मी मिश्रवर्णी आहे' असं छापलेलं वाक्य वाचलं, उजवीकडे वळला, डावीकडे वळला. चार मिनिटांत बाहेर.

"काय विचारलं?"

"काहीच नाही."

"म्हणजे चांगलंच झालं," आर्लिंदो म्हणाला.

गुरुवारी निकाल आला: अमान्य. पाचपैकी तिघांना तो गोरा वाटला होता.

शुक्रवारी आर्लिंदो दुकान बंद ठेवून एकटाच विद्यापीठात गेला. खिडकीमागे चष्मा लावलेली एक तरुण बाई होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, माझ्याकडे बघा. मी कोण दिसतो?"

"तुमच्याकडे बघायचं नसतं, साहेब. आईबाप धरत नाहीत. उमेदवार समोर कसा दिसतो, तेवढंच. कातडी, नाक, ओठ, केस, सगळं मिळून."

"केस मी कापले. हे बघा, आदल्या आठवड्यातला फोटो."

तिने फोटो पाहिला. जरा जास्तच वेळ पाहिला, असं त्याला वाटलं.

"जुने फोटो चालत नाहीत. पूर्वी लोक उन्हात भाजून, केस कुरळे करून फोटो काढून आणायचे, म्हणून तो नियम झाला. अपील करा."

"मग त्याला परत बोलावतील? महिन्याभरात बोटभर येतील केस."

"नाही. दुसरे तिघे बसतील आणि सोमवारचंच चित्रीकरण बघतील."

"त्यात तर टक्कलच आहे."

"हो," ती म्हणाली.

त्याने तरीही अपील लिहिलं. गावातली पद्धत, दुकान, बावीस वर्षं, सगळं घातलं. उत्तर नवव्या दिवशी आलं, एका ओळीचं. जागा आठव्या नावाकडे गेली होती.

तोवर काउआनच्या डोक्यावर काळे खुंट वर आले होते. जेवताना नेइदे म्हणाली, "पुढच्या वर्षी देईल की परत. एक वर्ष काय, जाईल असंच."

"कुठल्या रकान्यात खूण करू?" काउआनने विचारलं. "राखीवमध्ये केली तर म्हणतील, हा तोच, मागच्या वेळी खोटं बोलला होता. खुल्यात केली तर अजून चाळीस गुण लागतात. तीन वर्षांत मिळून माझे बावीस वाढलेत."

"तू खोटं बोलला नाहीस," आर्लिंदो म्हणाला.

"मला माहितीये, बाबा. पण आता आरशात बघतो, तेव्हा मीसुद्धा मोजत बसतो. नाक, ओठ, रंग. कधी तीन विरुद्ध दोन होतं, कधी दोन विरुद्ध तीन."

त्याने ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं. जूनमध्ये पुढच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज निघाले. त्याने भरला नाही, आणि आर्लिंदोने भर म्हटलं नाही.