दुसरं अंडं

अडोच आमच्याकडे आली ती ऐन दुपारी. तिचा काका फाटकाबाहेरूनच म्हणाला, "ठेवायची तर ठेवा हिला. पण एकटी आलीय असं समजू नका." आणि पाठ फिरवून चालता झाला.

अंगण मी नुकतंच झाडलं होतं. त्या धुळीत अडोचच्या पावलांमागे आणखी पावलं उमटली होती. अनवाणी, तिच्याहून लहान.

हे घर लाम्वाकाचं. लहानपणी बंडखोरांनी तिला जंगलात पळवून नेलं, तिचा एक कान कापला. सुटून आली तेव्हा गावातल्या बाया तिला हापशीला हात लावू देईनात. पुढे त्याच बायांचे कपडे शिवून तिनं हे घर उभारलं, आणि जंगलातून परतलेल्या पोरींना ती शिवण शिकवू लागली. स्वयंपाक माझ्याकडे. रविवारी चर्चमध्ये ओतीकाबाबा गाऊन प्रवचन करतात, तेव्हा मागे ध्रुपद धरणंही माझ्याकडेच. 'प्रभूच्या घराला कडी नाही, या रे या' ही ओळ बाबांनी उचलली की पायातला काटासुद्धा विसरायला होतं. ते सुख काय सांगू!

जेवताना अडोच शेजारी एक जागा सोडून बसायची. कोंबड्या दाण्यांमागे धावत यायच्या आणि त्या जागेला वळसा घालून जायच्या. शेवटी पोरींनी लाम्वाकाला गाठलं.

"आई, एक तर ती राहील, नाहीतर आम्ही."

"तुम्ही काय गं, वरातीतून आला होतात?"

"आमचं अंडं फुटलं होतं. तिचं फुटू दे, मग बघू."

आम्हा आचोली जमातीत रानातून परतलेलं माणूस दारात कच्चं अंडं पायानं फोडतं, आणि मगच ते घरचं होतं. अडोचचं फुटलं नाही, तर तिला जायला दुसरं दार नव्हतं. काकानं तिची झोपडीसुद्धा पाडली होती.

ओतीकाबाबा आले. त्यांनी दारात विटाळ धुणारी, बुळबुळीत सालीची फांदी आडवी ठेवली, त्यावर अंडं ठेवलं. ऊन रणरणत होतं.

"टाक पाय, पोरी. माझ्या टकलावर दुसरं शिजायच्या आत."

पोरी फिसकन हसल्या. अडोचनं सगळा भार देऊन पाय टाकला. मग उचलला.

अंडं तसंच होतं. साधी चीरही नाही.

हसू विरलं. पारवे घुमायचे थांबले. एक पोर मुकाट्यानं आत जाऊन गाठोडं बांधू लागली.

लाम्वाका धुळीतच बसली. "कोण आहे गं तुझ्याबरोबर?"

"लामारो," अडोच म्हणाली. "एका दोरीला बांधलेल्या होतो आम्ही. ती चालेना. त्यांनी काठी माझ्या हातात दिली." शेजारी बघत म्हणाली, "मी आत गेले तर ती बाहेर एकटी राहील."

लाम्वाकाचा हात नसलेल्या कानाकडे गेला. "माझा मेलेला भाऊ असाच फाटकात उभा राहायचा. मी दार लावायची, तो वाजवायचा. वर्षानुवर्षं. शेवटी म्हटलं, ये रे राजा, भूक लागली असेल." मग माझ्याकडे वळून, "लकेर, अजून एक अंडं आण."

बाबा दचकले. "मेलेल्यासाठी कुणी अंडं ठेवतं का, बाई?"

"घराला कडी नाही असं तुम्हीच गाता ना, बाबा? का ते रविवारपुरतंच?"

बाबांनी वाकून स्वतःच्या हातानं दुसरं अंडं पहिल्याच्या शेजारी ठेवलं, आणि ती ओळ धरली. मी मागे ध्रुपद धरलं.

"लामारो, ये बाळ," लाम्वाकानं हाक मारली.

अडोचनं पाय टाकला. कट्‌कन आवाज झाला. आणि लगेच शेजारी, जिथे कुणाचाच पाय नव्हता, तिथे दुसरा. दोन्ही बलक एकत्र होऊन दाराच्या आत ओघळले.

आतल्या पोरीनं गाठोडं सोडलं.

पुढच्या रविवारी प्रवचन संपल्यावर बाबांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्यात ती नवी कोण गं? बारीक आवाजाची. सुरात आहे हो!"

मी अडोचकडे पाहिलं. ती अजून तोंड उघडून गात नाही. शेजारची जागा सोडून ती बाकावर बसली होती, ओठ मिटून, हसत.

"आमचीच आहे, बाबा," मी म्हटलं.