अभिप्रायवहीचं अकरावं पान

मी एक जुनी वही आहे. पण मित्रांनो, मला रद्दी म्हणालात तर याद राखा! शाळेच्या वाचनालयातली अभिप्रायवही आहे मी. पुस्तक परत करताना ते कसं वाटलं ते माझ्यात लिहायचं, अशी इथली पद्धत.

बांधणीवाल्याने कोरे कागद दुमडले, मधोमध दोऱ्याने शिवले, वर निळा पुठ्ठा चढवला आणि मी जन्मले. ग्रंथपालबाईंनी मला दाराजवळच्या टेबलावर बसवलं. केवढी मिरवले मी! पण माझ्या वाट्याला आलं काय? ‘पुस्तक छान आहे.’ ‘पुस्तक फार छान आहे.’ एकाने ‘चित्रं कमी’ एवढंच लिहून खाली झोकदार सही ठोकली. मग तेही थांबलं. माझ्यावर धूळ साचली, चहाचे कप विसावले.

आणि एक दिवस नववीतली ‘रेडिओ’ आली. सगळे तिला याच नावाने हाक मारत, कारण ती बंदच होत नसे! एका कादंबरीबद्दल तिने लिहिलं, ‘नायक दोनशे पानं नुसते उसासे टाकतो. त्याला कुणीतरी काम द्या!’ इतिहासाच्या एका पुस्तकाबद्दल लिहिलं, ‘राजाला सोळा पानं आणि पूल बांधणाऱ्यांना अर्धी ओळ? शोभतं का हे?’ मुलं आधी मला वाचू लागली, मग पुस्तकं. मी तर हवेत!

मग तिने इतिहासाच्या कपाटातून एक पुस्तक नेलं. पहिली चार पानं गळालेली, पाठीवर ‘इतिहास’ अशी चिठ्ठी. शहराला वेढा पडलेला, आणि लोकांचा धीर सुटू नये म्हणून एक घड्याळजी रोज जिवावर उदार होऊन मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली देतो. माझ्या अकराव्या पानावर तिने लिहिलं, ‘याला म्हणतात इतिहास! कादंबरीवाल्यांनो, शिका काहीतरी. अशी माणसं बनवून सांगता येत नाहीत.’

महिनाभराने ग्रंथपालबाई यादी तपासायला बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं बाई, ही तर कादंबरी! बांधणीवाल्याने चिठ्ठी चुकीची डकवली.”

झालं! दहावीतल्या तिच्या दादाने भर मैदानात विचारलं, “काय इतिहासकारबाई, घड्याळजींचा जन्म कुठल्या साली?” सगळे खो खो हसले.

मधल्या सुट्टीत ती तरातरा आली. “पुन्हा एक ओळ लिहिणार नाही!” म्हणत तिने माझं पान चिमटीत धरलं. टर्र! बोटभर फाटलंसुद्धा. मला वाटलं, पान तर जाईलच, पण ही पोरही जाईल.

“अगं थांब, थांब!” शिपाईकाका धावत आले. “दुमडलेला कागद आहे तो. हे अर्धं फाडलंस तर पलीकडचं अर्धं निखळेल. आणि ते माझं आहे!”

तिने तीन पानं उलटली. मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं होतं, ‘आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक पुरं वाचलं. वादळ आलं तिथे डबा खायचा राहिला.’

“काका, तुम्ही लिहिलंत?”

“मग! म्हटलं, एवढीशी पोर राजांना खडसावते, मी कशाला घाबरू?”

“पण मी चुकले ना. सगळे हसतायत.”

“हसू देत की. हसणारेच आता त्या घड्याळजीसाठी रांगेत उभे आहेत. माझा नंबर सातवा!”

ती फिसकन हसली. चिकटपट्टी लावून तिने माझी जखम बुजवली आणि आठवडाभर खरे इतिहास धुंडाळले. मग अकराव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं, ‘मी फसले. वेढा खरा, घड्याळजी खोटा. वेढा किती दिवस चालला ते इतिहासाने सांगितलं. त्यातला एक दिवस केवढा लांब होता, ते या खोट्या माणसाने.’

मित्रांनो, मत चुकलं तर पान फाडू नका. खाली जागा असते, तिथे पुन्हा लिहा. आमचं प्रत्येक पान पलीकडे कुणाला तरी धरून असतं.