मामाजीचं माप

नवरा सोडून गेला तवा मी रडली नाई. पन तो बूक मागाले आला, तवा माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बूक म्हंजे जुन्या टू-स्ट्रोक फटफटीचं मॅन्युअल. माह्ये सासरे, चंद्रभान मिस्त्री, ज्यायले मी मामाजी म्हनत होती, चाळीस वर्सं अकोल्यात त्याच गाड्या दुरुस्त करत. "कंपनीचा पिस्टन आता भेटते कुठी? बाजारातल्या पिस्टनले माप आपलं," असं म्हनत अन् छापलेल्या आकड्याच्या बाजूले पेन्सिलीनं आपला आकडा लिवत. तेल्हाऱ्यापासून परतवाड्यापर्यंतचे मिस्त्री मले फोन करत, "वहिनी, चंद्रभानचं माप सांगा." मी बूक उघडून सांगाची. मामाजी गेल्यावर मले तेवढाच मान उरला होता.

त्यायले लकवा मारला तवा तीन वर्सं मीच केलं, हागन्यामुतन्यापासून. हात थरथरे म्हनून ते सांगत, मी लिवत होती. बुकातलं अर्ध्याच्या वर अक्षर माह्यंच हाय. पोरगा, म्हंजे माहा नवरा विपुल, तवा अमरावतीले रागिणीसंगं संसार थाटून बसला होता. बापाच्या मातीले आला अन् तेरवीच्या पहिले पयाला.

तोच आता दारात उभा.

"शालू, बूक दे. एका डॉक्टरची जुनी गाडी खोलली हाय. चालली त डॉक्टर मले बडनेरा रोडवर गॅरेज टाकून देते. पंधरा दिवस नेटवर ढुंढलं. एक भेटलं ते दुसऱ्याच मॉडेलचं, दुसऱ्याची पानंच गायब. अन् बाबाचं माप नेटवर कोन टाकते?"

"बस. आनते," मी म्हनलं.

आतल्या पेटीत बूक होतं, मामाजीची पेन्सिल होती, खोडरबर होतं. सिलिंडरचं पान काढलं. पिस्टन अन् सिलिंडरच्या मधात फट किती ठेवाची, त्याचा आकडा छापलेला सहा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. बाजूले पेन्सिलीत, 'बाजारातला पिस्टन, आठ.' मी आठ खोडला अन् चार लिवला. फट कमी पडली की पिस्टन गरम होऊन फुगते अन् इंजिन जाम होते, हे मले मामाजीनंच शिकवलं होतं.

विपुलनं मोबाइलवर एकेक पानाचा फोटो काढला. आकड्यायवरून बोट फिरवलं अन् त्याचे डोळे भरून आले. "बाबाचं अक्षर!"

माय व! बापाचं अक्षर कोनतं अन् बायकोचं कोनतं, एवढंई त्याले मालूम नोतं. मी हासू दाबलं.

"छापलेलं सहा, अन् बाबा चार म्हनते?"

"मले काय समजते बापा? तुह्या बाबानं लिवलं हाय."

त्यानं ऐकलं. बापाचं जलमात पह्यल्यांदा ऐकलं.

आठ दिवसानं तेल्हाऱ्याच्या नागसेन मिस्त्रीचा फोन आला. डॉक्टर स्वता गाडी घेऊन निंघाला, वलगावच्या पुढं इंजिन जाम झालं, मागचं चाक अटकलं अन् डॉक्टर रोडवर. हात मोडला. विपुलले त्यानं शिव्या देऊन हाकललं, गॅरेज गेलं.

माहा जीव थंड झाला. डॉक्टरचं मले काही वाटलं नाई, खोटं काहून सांगू?

"पन वहिनी," नागसेन म्हने, "विपुल त्या पानाचा फोटो सगळ्या मिस्त्र्यायले धाडून राहिला. म्हनते, माह्या बापाले काहीच समजत नोतं, चाळीस वर्सं लोकायच्या गाड्याच बिघडवल्या त्यानं. ग्रुपवर लोक हासून राहिले."

मी पेटीतून बूक काढून तेच पान उघडलं.

"मी जलमभर चंद्रभानच्या आठावर गाड्या बांधल्या. तुमीच सांगतला होता आठ. मंग बुकात चार काहून? खरं सांगा, मी ग्रुपवर लिवतो. म्हाताऱ्याची अब्रू राह्यली पायजे."

'मीच', हा एक शब्द बोलाचा होता. पन तो बोलली असती, त डॉक्टरच्या मोडल्या हाताचा आळ माह्यावर आला असता, पोलीस आले असते, अन् विपुल सुटला असता.

"नागसेनभाऊ," मी म्हनलं, "शेवटी शेवटी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं. बाकीचे मापई तपासून घेजा."

तीन वर्सं ज्याले घास भरवला, त्या मामाजीले मी येडा म्हातारा म्हनलं. तवापासून मापासाठी कोनाचा फोन आला नाई.