चर्चमधला माझा भाऊ

मी एक जुना दगडी हौद आहे. कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर, चिंचेखाली बसलेला. मित्रांनो, मी मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी नावं ठेवायला नकोत.

सव्वाशे वर्षांपूर्वी एका पाथरवटाने एकाच काळ्या दगडाचे दोन तुकडे केले. मोठ्या तुकड्यातून जनावरांसाठी मला घडवलं. लहान तुकड्याचा गोल कटोरा केला आणि तो समोरच्या चर्चमध्ये गेला. लेकरांना बाप्तिस्मा देताना त्याच्यातलं पाणी त्यांच्या डोक्यावर घालतात. तो माझा भाऊ. त्याच्या कडेला वेलबुट्टी, माझ्या अंगावर नुसते छिन्नीचे घाव. त्याला छप्पर आणि मला चिंचेचा पाला.

सुरुवातीला मला त्याचं काही वाटत नसे. मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन बंजाऱ्यांचे तांडे इथे थांबत. बैल माझ्यापाशी पोटभर प्यायल्याशिवाय माणसं चूल पेटवत नसत. माझा केवढा मान होता! मग मोटारी आल्या, घरोघरी नळ आले. माझ्यात कुणी गोधड्या धुतल्या, कुणी ट्यूब बुडवून पंक्चर शोधलं. चर्चची राखण करणारे याकोबकाका भावाला मात्र दर शनिवारी मऊ फडक्याने पुसत.

आणखी एक गोष्ट मला फार सलायची. बाप्तिस्मा झाला, की याकोबकाका भावातलं पाणी तांब्यात घेऊन येत आणि माझ्यात ओतत. म्हणजे मी त्याचं उष्टं प्यायचं! फुटता आलं असतं, तर मी तेव्हाच फुटलो असतो.

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं. शाळेतल्या शीला मॅडम गावातल्या जुन्या जागांची यादी करू लागल्या. यादीत असेल ते राहणार, रस्त्यात येणारं बाकी सगळं फोडून भरावात जाणार. पहिली गढी, मग चर्च, मग दर्गा, मग कापसाच्या जिनिंगची उंच चिमणी. पाचवं तर नानाजींचं चहाचं हॉटेल! म्हणे भट्टी आजोबांच्या वेळची आहे. तिला परवा टाइल्स लावल्या, त्या मी या जागेवरून पाहिल्या आहेत.

मॅडम मला वळसा घालून चर्चमध्ये गेल्या आणि भावाचा फोटो काढून आल्या. मी जळून खाक झालो. मला फोडायला मशीन सोमवारी येणार होतं.

याकोबकाका त्यांच्या मागोमाग बाहेर आले. त्यांनी माझ्या काठावर हात ठेवला.

"मॅडम, बाप्तिस्म्याचं पाणी आम्ही जमिनीवर सांडत नाही जी. माह्या आजाच्या वेळपासून ह्याच्यातच आणून टाकतो. लेकराच्या माथ्यावरचं पाणी मुक्या जनावराच्या पोटात गेलं पाह्यजे. हा हौद गेला, तं ते पाणी मी कुठी नेऊ?"

तांड्यावरची जमनाबाई बकऱ्या पाजायला आली होती. तिच्या पणज्याचे बैल माझ्याकडेच पीत. ती म्हणाली, "ह्याले फोडता, तं माह्या बकऱ्या शाळेत पाजाले आणू का?"

मॅडम हसल्या आणि वही उघडून सहावं नाव लिहू लागल्या.

मला मात्र आता कुठे उमगलं. उष्टं म्हणून ज्याचा इतकी वर्षं राग केला, ते भावाच्या वाट्याचं पाणी होतं. त्याला वर्षातून चार-पाच वेळाच पाणी मिळतं, आणि ते सगळं माझ्याकडे येतं. मला माझ्या रागाची फार लाज वाटली.

आता रस्ता मला सोडून दोन हात पलीकडून जातो. जुन्या जागांच्या यादीचा बोर्डही लागला आहे. भाऊ दुसरा, मी सहावा, आणि नानाजींचं हॉटेल माझ्या वर. खरं सांगतो, अजून थोडं जळतं.

मित्रांनो, जुन्या जागा पाहायला आलात, तर आमच्या अंगावर नावं कोरू नका. माझ्यात साबण कालवू नका, जमलं तर बादलीभर पाणी ओता. मग चर्चमध्ये जा, माझ्या भावाच्या कडेवरून हळूच हात फिरवा आणि त्याला एवढंच सांगा, की पाणी पोचलं.